जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांचे मानसिक आरोग्य

जन्मजात हृदयदोष हा बालरोग विभागाचा विषय, ही समजूत आता कालबाह्य झाली आहे. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयाच्या घडणीत काही ना काही दोष असतो. कुणाच्या पडद्याला छिद्र असते, कुणाच्या दोन मोठ्या धमन्यांची जागा अदलाबदल झालेली असते, तर कुणाची एकच जवनिका नीट वाढलेली असते. १९४४ पूर्वी यांतली गुंतागुंतीचे दोष असलेली मुले क्वचितच मोठी होत. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या बाळावर शस्त्रक्रिया केली. कल्पना हेलन टॉसिग यांची होती आणि तंत्र प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस यांनी घडवले होते. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने कर्णिकांमधले छिद्र बंद केले. १९६८ मध्ये बोर्दो येथे फ्रान्सिस फोंतां यांनी एकाच जवनिकेवर जगणाऱ्यांसाठी वाट काढली, तर १९७५ मध्ये ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी चुकीच्या जागी असलेल्या धमन्या योग्य जागी जोडून दाखवल्या. परिणाम असा, की कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २०१० साली जन्मजात हृदयदोष असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक प्रौढ होते.

या प्रौढांसाठी स्वतंत्र वॉर्ड हवा, हे लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये करून दाखवले. त्या वॉर्डात झडपा, हृदयाची लय आणि फुप्फुसांतील रक्तदाब यांची तपासणी होऊ लागली. मनाची चौकशी मात्र फार उशिरा सुरू झाली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने या रुग्णांच्या मानसिक आरोग्यावर स्वतंत्र शास्त्रीय निवेदन काढले ते २०२२ मध्ये. हा उशीर शस्त्रक्रियेच्या यशाचाच परिणाम आहे असे म्हणता येईल. मूल जगले या आनंदात ते कसे जगते आहे हे विचारायचे राहून गेले.

प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज टोरंटो आणि फ्लोरिडा येथील रुग्णांच्या अभ्यासातून येतो. एड्रिएन कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांची सविस्तर मुलाखत झाली त्यांपैकी निम्म्या प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराचे निदान लागू होत होते आणि त्यांतल्या ३९ टक्क्यांना कधीच कोणताही मानसोपचार मिळालेला नव्हता. मुलाखती साठाच्या आतच होत्या, त्यामुळे ‘निम्मे’ हा आकडा भाषणांत जपून वापरावा. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे आणि ती आधी ध्यानात घ्यावी. नैराश्याचा संबंध दोषाच्या तीव्रतेशी जुळला नाही. तो जुळला एकटेपणाशी, लोक आपल्याला नावे ठेवतील या धास्तीशी आणि आपली प्रकृती कशी आहे याविषयीच्या रुग्णाच्या स्वतःच्या समजुतीशी.

याचा अर्थ हृदयतज्ज्ञाला रुचणारा नाही. टू-डी इकोच्या अहवालावरून कोण खचलेला आहे हे ओळखता येत नाही. लहानपणी एक साधे छिद्र बंद केलेली तरुणी बाहेर पाऊल टाकायला घाबरते, आणि फोंतां शस्त्रक्रिया झालेला तरुण नोकरी-संसार करून हसतमुख असतो, अशी उदाहरणे प्रत्येक क्लिनिकमध्ये आहेत. ज्यांची केस ‘गुंतागुंतीची’ त्यांनाच समुपदेशकाकडे पाठवण्याची रीत म्हणूनच चुकीच्या गृहीतकावर उभी आहे. बेल्जियमच्या ल्यूव्हेन येथून फिलिप मून्स यांनी चालवलेल्या अभ्यासात भारतासह १५ देशांतल्या चार हजारांहून अधिक प्रौढांची माहिती गोळा झाली. त्यातही जीवनमानाचा जवळचा संबंध दिसला तो आपल्या आयुष्याला काही संगती आहे आणि ते आपल्याला पेलता येते या जाणिवेशी.

तरी शरीराचा वाटा नाकारून चालणार नाही. काही दोषांत गर्भातच मेंदूला प्राणवायूयुक्त रक्त कमी पोहोचते आणि मेंदूची वाढ थोडी मागे पडते. त्यात नवजात वयातली शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागातले दिवस यांची भर पडते. धमन्यांची अदलाबदल दुरुस्त केलेल्या बालकांचा बॉस्टनमध्ये १९८८ पासून पाठपुरावा झाला. किशोरवयात त्यांच्यात लक्ष टिकवणे, कामांचे नियोजन करणे आणि एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात ठेवणे यांत अडचणी आढळल्या. मोठेपणी याच अडचणी गोळ्या वेळेवर न घेणे, अर्ज अर्धवट सोडणे, नोकरी न टिकणे अशा रूपांत दिसतात आणि घरचे त्याला आळस म्हणतात. वर्षानुवर्षे ‘आळशी’ म्हणवून घेतलेल्या माणसाला नैराश्य आले तर नवल नाही.

आनुवंशिक कारणांपैकी एक प्रत्येक हृदयतज्ज्ञाला ठाऊक असायला हवे. २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेला असला, तर हृदयाच्या बाहेर जाणाऱ्या मार्गाचे दोष होतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा त्यांतला नेहमी आढळणारा. हा तुकडा गळलेल्या प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला छिन्नमनस्कतेसारखा आजार होतो. तेव्हा टेट्रालॉजीची शस्त्रक्रिया झालेल्या विशीतल्या मुलाला कुणी आपल्यावर पाळत ठेवते असे वाटू लागले, तर त्याला ‘टेन्शन’ म्हणून वाटेला लावणे धोक्याचे आहे.

अनुभवाचा वाटा याहून मोठा आहे. वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आईचा सुटलेला हात, तोंडावर येणारा मास्क, शुद्धीवर येताना छातीतल्या नळ्या हे सगळे तुकड्यातुकड्यांनी आठवते. मोठेपणी तपासणीची तारीख जवळ आली, की झोप उडते आणि काही जण तारीखच चुकवतात. अंतर्गत डिफिब्रिलेटर बसवलेल्यांत एकदा शॉक लागल्यावर पुढच्या शॉकची वाट पाहणे हाच आजार होऊन बसतो. शॉक बसला तेव्हा माणूस जिथे उभा होता ती जागा, तो जिना, ती बस तो टाळू लागतो. यांत्रिक झडपेची टिकटिक दिवसा गोंगाटात बुडते, पण रात्रीच्या शांततेत ऐकू येते. उशीवर कान टेकून ठोके मोजत जागणारे रुग्ण कमी नाहीत.

घरातले प्रेमही कधी ओझे होते. ‘पळू नकोस’, ‘जड उचलू नकोस’, ‘पीटीला सूट घे’ या वाक्यांवर वाढलेल्या मुलाला आपले शरीर ठिसूळ आहे हे पाठ झालेले असते. त्यांतली बरीच बंधने डॉक्टरांनी कधी घातलेलीच नसतात. पंचविशी ओलांडलेला मुलगा क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसतो आणि ‘दम लागतो का?’ या प्रश्नाचे उत्तर आई देते, हे दृश्य नेहमीचे आहे. त्याला स्वतःच्या दोषाचे नाव विचारावे, तर ‘होल होतं, ऑपरेशन झालं’ यापलीकडे माहिती नसते. ऑपरेशन झाले म्हणजे आजार संपला, अशी घराची समजूत असते. पुढे तिशीत हृदयाची लय बिघडली किंवा झडप पुन्हा बदलायची वेळ आली, की ते त्याला फसवणुकीसारखे वाटते. या संतापाला वाट द्यावी लागते; आकडेवारी सांगून तो शमत नाही.

महाराष्ट्रात व्यवस्थेची फट नेमकी मोठे होण्याच्या वयात पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर येथे झाली. शाळा आणि अंगणवाड्यांत जाऊन ही पथके ज्या ३० दोष-आजारांची तपासणी करतात त्यांत जन्मजात हृदयदोष आहे. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांची शस्त्रक्रिया झाली. पण कार्यक्रमाची वयोमर्यादा १८ वर्षे आहे. अठराव्या वाढदिवसानंतर बालहृदयतज्ज्ञाचे दार बंद होते आणि प्रौढांच्या ओपीडीत हा तरुण पन्नाशीतल्या बायपास रुग्णांच्या रांगेत जाऊन बसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पुढची शस्त्रक्रिया होऊ शकते, पण त्या दोन शस्त्रक्रियांमधल्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्याशी बोलणारे कुणी नसते. बालविभागाकडून प्रौढ विभागाकडे हस्तांतराची तयारी बाराव्या-तेराव्या वर्षापासून व्हायला हवी. मुलाला तपासणीतला काही वेळ आईवडिलांविना बसवावे आणि त्याच्या दोषाचे चित्र त्याच्याकडूनच काढून घ्यावे. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही; लागतो तो फक्त ओपीडीतला वेळ, आणि तोच सगळ्यात दुर्मीळ.

मग लग्नाचा प्रश्न येतो. बायोडाटात शस्त्रक्रियेचा उल्लेख करायचा की नाही, यावर घरात महिनोन्‌महिने खल चालतो. मुलींच्या बाबतीत गळ्याखालचा उभा व्रण झाकणारे ब्लाऊज शिवले जातात आणि ‘लग्नानंतर सांगू’ असा सल्ला नातेवाईक देतात. लपवलेली गोष्ट पुढे कळली की संसारात अविश्वास येतो, आणि न कळेपर्यंतची धास्ती त्याहून जाळते. मूल होऊ द्यावे का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बंद केलेल्या छिद्रानंतर बहुतेकींना गर्भारपण सुखाने पार पाडता येते. फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढलेल्या आयझेनमेंगर अवस्थेत मात्र ते आईच्या जिवावर बेतते आणि गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला द्यावा लागतो. हा सल्ला सासूसमोर, घाईत आणि एका वाक्यात दिला गेला, तर त्या बाईच्या मनावर होणारा आघात मूळ दोषापेक्षा कमी नसतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. लष्कर आणि पोलीस भरतीची वाट बंद झालेला मुलगा आपण ‘पूर्ण माणूस’ नाही, हे शब्द कुणी न उच्चारताही मानून बसतो.

निदानात हृदय आणि मन एकमेकांची सोंगे घेतात. धडधड, छातीत दडपण, धाप, घाम ही भीतीच्या झटक्याची लक्षणे तीच अतालतेचीही लक्षणे. या रुग्णांत आधी ईसीजी, गरज पडल्यास होल्टर, आणि मगच ‘मनाचे आहे’ असे म्हणावे. उलट चूकही घडते: होल्टर स्वच्छ आला की ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले जाते आणि भीती तशीच राहते. ॲमिओडॅरोन या औषधात वजनाच्या सुमारे ३७ टक्के आयोडीन असते. त्यामुळे थायरॉईड मंदावला तर नैराश्यासारखे आणि वाढला तर चिंतेसारखे चित्र दिसते. निळसर रुग्णांत हिमोग्लोबिन १८-२० असूनही लोहाची कमतरता असू शकते आणि तिचा थकवा उदासीनतेत जमा होतो. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत झोप, भूक आणि थकवा यांचे प्रश्न आहेत, ते हृदय कमकुवत असलेल्या माणसाला आजारामुळेच लागू पडतात. १९८३ मध्ये झिग्मंड आणि स्नेथ यांनी तयार केलेली रुग्णालयीन प्रश्नावली शारीरिक लक्षणे वगळते, म्हणून इथे ती सोयीची पडते. कोणतीही वापरली, तरी मरणाच्या विचारांविषयी तोंडाने स्पष्ट विचारण्याला पर्याय नाही.

औषधांत सर्ट्रालीनला पहिली पसंती मिळते, कारण हृदयाच्या लयीवर तिचा परिणाम कमी. जुनी ट्रायसायक्लिक औषधे अतालता असलेल्यांत टाळावीत. सिटॅलोप्राम जास्त मात्रेत क्यूटी अंतर वाढवते. म्हणून २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ४० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली. झडप बदललेला रुग्ण वॉरफरीन घेत असेल, तर सर्ट्रालीन-सिटॅलोप्रामच्या गटातल्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आयएनआर लवकर-लवकर पाहावा लागतो. हे हृदयतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकमेकांना फोन करून ठरवायचे आहे. रुग्णाच्या हाती चिठ्ठी देऊन ते साधत नाही.

औषधांपेक्षाही संवादोपचाराला या रुग्णांची पसंती दिसते. टोरंटोमध्ये याच रुग्णांसाठी आठ बैठकांचा गटउपचार आखून आजमावला गेला. आपल्यासारखाच व्रण असलेली दुसरी व्यक्ती समोर बसलेली पाहणे, हाच कित्येकांच्या दृष्टीने मोठा उपचार असतो. कारण गावात, तालुक्यात असा दुसरा माणूस त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. देखरेखीखालचा व्यायामही तितकाच महत्त्वाचा. ट्रेडमिलवर दहा मिनिटे चालून काही झाले नाही, हे स्वतः अनुभवल्यावर जी भीती जाते ती समजावण्याने जात नाही.

कायद्याची बाजू विचित्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, हृदयविकार नाही. चार जिने न चढू शकणाऱ्या माणसाला त्या यादीत जागा नाही, आणि नैराश्याची नोंद करून घेतल्यावर ती मिळू शकते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हृदयविकाराच्या ओपीडीत हा क्रमांक भिंतीवर लावायला कुणाची परवानगी लागू नये.

सगळ्यात टाळला जाणारा विषय मृत्यूचा. टोरंटोतल्याच एका अभ्यासात बहुसंख्य प्रौढ रुग्णांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्याविषयी डॉक्टरांशी बोलायची इच्छा दाखवली. असे बोलणे झाल्याचे मात्र जवळजवळ कुणीच सांगितले नाही. त्याच वेळी निम्म्याच्या आसपास डॉक्टरांनी आपण असे बोलतो असे कळवले होते. हे बोलणे अतिदक्षता विभागात, श्वासनळीत नळी असताना सुरू करता येत नाही. प्रकृती स्थिर असतानाच्या एखाद्या साध्या तपासणीत ते व्हावे. पुढच्या दहा-वीस वर्षांत काय होऊ शकते, डिफिब्रिलेटर कधी बंद करता येतो, प्रत्यारोपणाचा विचार कोणत्या टप्प्यावर करायचा, निर्णय घेता आला नाही तर घरातल्या कुणाला विचारायचे, हे रुग्णाला हवे तेवढेच आणि हव्या त्या गतीने सांगावे. ऐकायचे नाही असे तो म्हणाला, तर तशी नोंद करून पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे.