कुरळ्या केसांचा गुंता

(महासंघाच्या मासिक बैठकीत एका सखीने केलेले बोलणे)



मागच्या महिन्यात हप्त्याचा हिशोब संपल्यावर एक ताई हळूच जवळ आल्या. म्हणाल्या, "अंतर्गत कर्ज पाहिजे, पण कारण काय लिहू?" लेकीचं लग्न ठरलंय. साखरपुड्याच्या आधी तिचे कुरळे केस पार्लरमध्ये सरळ करून घ्यायचेत, त्याला काही हजार लागतात. कर्ज द्यायचं की नाही ते गट ठरवेल. पण तेव्हाच मी ठरवलं की या विषयावर एकदा मोकळं बोलायचं. माझेही केस कुरळेच आहेत.

बघा, तान्ह्या बाळाचं जावळ कुरळं असलं की आपण कौतुकानं त्यात बोटं फिरवतो. तीच पोर दहा-बारा वर्षांची झाली की "काय या झिंज्या!" म्हणतो. कुरळ्या केसांची बाई तापट असते, असंही ऐकवतो. केस तेच असतात, बदलतं ते आपलं बोलणं. पोरगी ते बोलणं मनात ठेवते आणि आरशासमोर जायचं टाळते.

मग केस कुरळे होतात कशामुळं? ते उपजतच असतात. केस ज्या छिद्रातून उगवतो ते वाकडं असलं की केस वळण घेत वर येतो. आपल्या टाळूला स्वतःचं तेल सुटतं. सरळ केसावरून ते सहज खाली उतरतं. कुरळ्या केसावर ते वळणावळणाला अडतं, टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी. कोरडा केस एकमेकांत अडकतो, फुलतो, तुटतो. म्हणजे दोष केसांत नाही, आपण त्यांना सरळ केसांसारखं वागवतो तिथं चुकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी शाळेच्या घाईत सुक्या केसांत बारीक दातांची फणी घालून वरून खाली ओढायची. पोरगी रडते, आपण धपाटा घालतो. त्याऐवजी असं करून बघा.

न्हायच्या आधी तासभर खोबरेल तेल लावा, टोकांना जास्त. आठवड्यातून एक-दोनदा न्हाणं पुरे. कपड्याचा साबण केसांना लावू नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो, केस काथ्यासारखे होतात. त्यापेक्षा शिकेकाई किंवा साधा शाम्पू बरा, तोही टाळूला चोळायचा, टोकांना नाही. नंतर कंडिशनर मिळाला तर लावा, नाहीतर ओल्या केसांना दोन-चार थेंब तेल पुरतं.

गुंता ओल्या केसांत सोडवायचा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं. सुरुवात टोकापासून करायची आणि हळूहळू वर सरकायचं. उवा झाल्या असतील तर फणी लागतेच, पण तीसुद्धा तेल लावून, थोडे थोडे केस हातात घेऊन फिरवा. नंतर खसाखसा पुसू नका. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पाणी टिपून घ्या. रात्री सैल वेणी घालून झोपवा.

आणखी एक घरचा उपाय. आपण चटणीला जवस आणतो ना? पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झालं की ओल्या केसांना लावा, मुठीत धरून केस वर दाबा आणि वाळू द्या. वळणं नीट बसतात. फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच करा, ते लवकर आंबतं.

आता पार्लरचं. तिथं औषध लावून, उष्णता देऊन केसाची आतली बांधणी मोडतात, म्हणून तो सरळ होतो. पण टाळूतून येणारा नवा केस कुरळाच येतो. म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा पैसे. काही औषधांतून फॉर्मालिनसारखी वाफ निघते, ती डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देते. हे ठाऊक असूनही कुणाला करायचं असेल तर करा, पण लाज वाटते म्हणून करू नका.

शेवटचं आणि माझ्या जिवाचं. मी सातवीत असताना मला टायफॉईड झाला. तीन आठवडे अंथरुणात होते, डोक्याला कंगवा लागला नाही. मानेवर केसांचा गठ्ठा झाला. शेजारच्या बायका म्हणाल्या, "जट आली, देवी आली. हात लावू नका, हळद-कुंकू वाहा." आजीही घाबरली. माझी आई अंगठेबहाद्दर, पण ती म्हणाली, "देवीला यायचं असेल तर ती वेणीतसुद्धा येईल." दोन दुपारी तिनं तेल चोपडून बोटांनी एकेक बट सुटी केली. थोडे केस कापावे लागले. कुणाला काही झालं नाही. महिन्याभरानं मी शाळेत गेले.

सगळ्यांना अशी आई मिळत नाही. जट वाढू दिली की तिचं ओझं होतं, मान दुखते, उवा-जखमा होतात. जटेपायी पोरींची शाळा सुटली आहे, काहींना देवीला सोडलं गेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. त्या समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी कितीतरी बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या आहेत. जट म्हणजे न विंचरलेला गुंता, दुसरं काही नाही. कुरळ्या, दाट केसांत तो लवकर होतो. आजारपणात, बाळंतपणात तर हमखास. तुमच्या वाडीत कुणाच्या डोक्यात गुंता दिसला तर कुजबुजू नका. तेलाची वाटी घेऊन जा आणि तिच्याजवळ बसा. फारच जुना असेल तर तिच्या मर्जीनं कापा.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, "अर्ज महिनाभर थांबवा, तोवर जवस उकळून बघा. आणि लेकीला विचारा, केस तिचे आहेत." परवा त्यांचा फोन आला. लेकीनं अजून काही ठरवलेलं नाही, पण रोज आरशासमोर उभी राहते म्हणे.