न्यायाचा दिवस आणि कोरलेला बांध



आपल्या वारंगा फाट्यावर नांदेडकडून येणारी वाट फुटते; एक हिंगोलीस जाते, दुसरी हदगांवावरून यवतमाळाकडे वळते. फाट्यावर दोन्ही वाटा अगदीं जवळ दिसतात. त्यांतील अंतर पुढें गेल्यावरच कळतें. मनुष्याच्या कृत्यांचेंही तसेंच आहे. म्हणून या मंगलप्रसंगीं आम्ही अखेरच्या न्यायाविषयीं चार शब्द बोलत आहों.

कोणी विचारील कीं, मरणानंतर लागलीच प्रत्येकाचा न्याय होतो अशी पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पोप बारावे बेनेडिक्ट यांनीं १३३६ सालीं ती स्पष्ट केली. मग जगाच्या शेवटीं पुन्हा न्याय कशास? १३व्या शतकांतील थोर आचार्य संत थॉमस अक्विनास यांनीं याचें उत्तर दिलें आहे: मनुष्य मरतो, पण त्याचें कृत्य त्याच्याबरोबर मरत नाहीं.

समजा, एकानें बांध कोरून शेजाऱ्याची वीतभर जमीन लाटली. तो वारला, पण दोन्ही घरचीं नातवंडें अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आहेत. दुसऱ्यानें वाटेवर विहीर खणिली. त्याचें नांव कोणास आठवत नाहीं. पाणी मात्र वाटसरू आजही पितात. या दोघांचा हिशेब त्यांच्या मरणाबरोबर मिटला असें कसें म्हणावें? अखेरच्या दिवशीं पहिला निकाल बदलणार नाहीं. परंतु त्या कृत्यांचीं सर्व फळें सर्वांसमक्ष उघड होतील.

तेव्हां काय पुसलें जाईल, हें प्रभूनें लपविलेलें नाहीं. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत, २५व्या अध्यायीं, भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा, उघड्यास वस्त्र, आजारी व बंदिवान यांची विचारपूस, एवढीच कसोटी आहे. नवल हें कीं, मेंढरें व शेरडें, दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. त्या गरिबांत प्रभु होता, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

लेवीय पुस्तकांत ५०व्या वर्षाचा योबेल प्रायश्चित्ताच्या दिवशीं शिंग फुंकून सुरू होई. जमीन मूळ कुळास परत जाई, दास मोकळा होई. म्हणजे खरा महोत्सव परतफेडीनेंच आरंभतो. पापनिवेदनानें क्षमा मिळते. पण घेतलेलें परत करण्याचें ऋण उरतेंच. यांतून आम्ही धर्मगुरूही सुटलों नाहीं.

तरी, बंधूंनो, या ज्युबिलीच्या वर्षांत ज्यानें बांध कोरला त्यानें तो पूर्ववत् करावा. ज्यानें मजुरी अडविली त्यानें ती द्यावी. ज्यानें अबोला धरला त्यानें पहिला शब्द बोलावा. मग त्या दिवसाचें भय उरणार नाहीं. कारण आपला न्यायाधीश कोणी परका नव्हे, आपल्यासाठीं क्रूसावर प्राण देणारा तोच होय. आमेन.