पाऊलखुणांचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपल्या राहणीमुळे हवेत जो कार्बन डायऑक्साइड वायू जातो त्याच्या हिशेबाला 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे कार्बनची पाऊलखूण, असे म्हणतात. हा शब्द घरोघरी कोणी नेला? बी.पी. या ब्रिटिश तेल कंपनीने! मोठी जाहिरात मोहीम काढून २००४ साली तिने प्रत्येकाला आपापली पाऊलखूण मोजण्याचे साधनही दिले. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याच्या हाती पापाची वही द्यावी, असा हा प्रकार! म्हणून आपल्यापैकी अनेकांना हा सारा हिशेबच भांडवलदारांचे ढोंग वाटतो. ढोंग आहेच, परंतु ढोंग्याच्या हाती पडले म्हणून गणित खोटे ठरत नाही. ते आपण आपल्या दृष्टीने मांडले पाहिजे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो वायू हवेत जातो. डिझेलचा आकडा २.७ किलोंच्या घरात आहे. १४.२ किलोंच्या गॅस सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो, तर कोळशावरील विजेच्या एका युनिटमागे जवळपास एक किलो. मुंबईहून विमानाने दिल्लीस जाणाऱ्या एका प्रवाशाच्या वाट्याला एका खेपेस शंभर किलोंच्या आसपास वायू येतो. म्हणजे एका कुटुंबाचा दोन-अडीच सिलिंडरांचा स्वयंपाक दोन तासांत आकाशात जळतो.

अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत भेद करा, असे श्रीमंत राष्ट्रांना बजावले होते. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, तर अमेरिकेचे सुमारे चौदा टन. तेव्हा तो आक्षेप आजही न्याय्य आहे. परंतु दोन टनांच्या या सरासरीच्या आडोशाला आपल्या देशातील धनिकही सुखाने उभे आहेत. शेतमजूर आणि विमानातून फिरणारा उद्योगपती एकाच भागाकारात बसवले जातात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख तेथील माणसाच्या छातीत जाते. वातानुकूलनाचा गारवा मात्र दुसऱ्याच शहरातील दिवाणखान्यात पोहोचतो. म्हणून गरिबाच्या घरातला दिवा विझवणे हा आपला कार्यक्रम असू शकत नाही.

मग आपला कार्यक्रम कोणता? एकट्याने मोटार चालवली तर दर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम वायू निघतो. चाळीस उतारूंच्या एसटीत तोच आकडा माणशी पंधरा ग्रॅमवर येतो. दशांश! पण ज्या गावाला एसटीच येत नाही तेथील तरुणाला मोटारसायकल सोडण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. व्यक्तीला संयम पाळता यावा यासाठी समाजाने आधी पर्याय उभा करावा लागतो. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती सार्वजनिक मालकीची होती. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे झाले. पण गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? नव्या गाड्या, बंद पडलेल्या फेऱ्या आणि कामगारांना वेळेवर वेतन या मागण्या म्हणजेच हवा स्वच्छ करण्याच्या मागण्या आहेत.

आता थोडे कटू बोलतो. येताना या आवारातील मोटारी मी मोजल्या. अकरा आहेत, आणि त्यांतली एक माझी आहे. एसटी स्थानक येथून पायी दहा मिनिटांवर आहे. ज्यांच्यापुढे पर्याय नाही त्यांच्या वतीने आपण बोलतो; पण ज्यांच्यापुढे पर्याय आहे त्यांत आपणही आहोत, हे विसरतो. व्यवस्था बदलेपर्यंत मी बदलणार नाही, हे समाजवाद्याचे उत्तर नव्हे; तो आळसाला दिलेला तात्त्विक मुलामा आहे.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या शिबिराला जमेल त्या प्रत्येकाने एसटीने यावे. ज्याला गाडी मिळाली नाही त्याने कोणत्या गावाला, कोणत्या वेळी गाडी नव्हती, हे लिहून आणावे. ती यादी घेऊन आपण सारे मिळून आगार व्यवस्थापकाच्या दारात जाऊ. आपली पाऊलखूण लहान करण्याचा मार्ग त्या दारावरून जातो.