खेळाडूंना टीका का झोंबते?



सायंकाळी घराघरांत एक दृश्य दिसते. मुलगा कानांवर हेडफोन चढवून संगणकासमोर बसलेला असतो. आईने जेवणासाठी मारलेल्या हाका त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. परंतु ‘या खेळात बायका अशा का दाखवतात रे?’ असे बहिणीने सहज विचारले, तर ते मात्र त्याला तत्काळ ऐकू येते. ‘तुला त्यातले काय कळते?’ म्हणून तो उसळतो. हे उसळणे कोठून येते? या वृत्तीचे सर्वांत उग्र रूप अमेरिकेत दिसले, म्हणून विवेचनाचा आरंभ तेथूनच करणे उचित ठरेल.

२०१२ साली अनिता सार्किसियन या समीक्षिकेने व्हिडिओ खेळांतील स्त्रीचित्रणावर चित्रफितींची मालिका करण्यासाठी लोकांकडे सहा हजार डॉलर मागितले. दीड लाखाहून अधिक जमले. त्याबरोबर शिव्याशाप आणि धमक्याही आल्या. त्यांच्या छायाचित्रावर ठोसे मारण्याचा एक खेळही कोणी तयार केला. ऑक्टोबर २०१४मध्ये युटा राज्यातील एका विद्यापीठात त्यांचे व्याख्यान होते, तेव्हा सामूहिक हत्याकांडाची धमकी आली. तेथील कायद्यानुसार परवानाधारकांना सभागृहात शस्त्र आणण्यास मज्जाव करता येत नव्हता, म्हणून त्यांनी व्याख्यान रद्द केले.

त्यांनी असे काय म्हटले होते? राजकन्या पळवली जाते, नायक तिला सोडवतो आणि तिला स्वतःचे कर्तृत्व असे काहीच नसते, या ठरावीक साच्याकडे त्यांनी लक्ष वेधले. एखादी कलाकृती आवडणे आणि तिचे दोष पाहणे एकाच वेळी शक्य आहे, हेही त्यांनी आरंभीच सांगितले होते. मग एवढा क्षोभ का?

पहिले कारण इतिहासात आहे. १९९३मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या हिंसक खेळांवरून अमेरिकन सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४मध्ये वयोगटानुसार श्रेणी देणारे मंडळ आले. १९९९मधील कोलंबाइन शाळेतील हत्याकांडाचे खापरही अनेकांनी खेळांवर फोडले. अखेर २०११मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. टीकेपाठोपाठ बंदी येते, अशी या समाजाच्या मनाची धारणा झाली होती. म्हणून समीक्षकही त्याला शत्रूच भासला.

दुसरे कारण बाजाराचे. या क्षेत्रात स्त्रिया प्रारंभापासून होत्या. कॅरोल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ १९८२चा, तर रॉबर्टा विल्यम्स यांचा ‘किंग्ज क्वेस्ट’ १९८४चा. १९८३च्या मंदीनंतर मात्र हे खेळ प्रामुख्याने मुलांची खेळणी म्हणून विकले गेले. १९८९मध्ये आलेल्या यंत्राचे नावच ‘गेम बॉय’! हे अंगण आपलेच, असे मानणारी मुलांची पिढी वाढली. शाळेत ज्याची टवाळी होई, त्याला येथे आसरा मिळाला. अशाला घरातील दोष दाखवला की घराबाहेर काढल्यासारखे वाटते.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. छंद हीच ओळख झाली की छंदावरील टीका स्वतःवरील आरोप वाटते. यात टीकाकारांचाही काही दोष आहे. ऑगस्ट २०१४मध्ये काही लेखकांनी ‘गेमर’ ही ओळखच संपली, असे जाहीर केले. ज्यांनी कधी कोणाला अपशब्दही काढला नव्हता, तेही त्यामुळे दुखावले. त्याच महिन्यात उसळलेल्या ‘गेमरगेट’ने पत्रकारितेच्या शुचितेचा झेंडा खांद्यावर घेतला. प्रश्न रास्त होता, पण मूळ आरोप निराधार होता. झोई क्विन या निर्मातीच्या खेळाची ज्या पत्रकाराने अनुकूल समीक्षा लिहिली असे म्हटले गेले, त्याने ती समीक्षा लिहिलेलीच नव्हती.

पाश्चात्त्य स्त्रीवादाची सर्व गृहीतके स्वीकारण्याची आवश्यकता नाही. तथापि, गाऱ्हाणे खरे आहे की नाही, हे तपासलेच पाहिजे. ‘रायट गेम्स’ या बड्या कंपनीने स्त्री कर्मचाऱ्यांचा भेदभावविषयक दावा मिटवण्यासाठी २०२१मध्ये दहा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. आजही अनेक मुली पुरुषी नाव घेऊन खेळतात आणि आवाज बंद ठेवतात, कारण आवाज ओळखला गेला की शिवीगाळ सुरू होते. त्या कोणाच्या तरी लेकी आहेत आणि शिव्या देणारेही कोणाचे तरी सुपुत्रच आहेत.

याला उत्तर देण्याची विधायक रीत पुण्यातच सापडते. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२०मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. प्राचीन भारतातील एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. देवता तिला शस्त्रे देतात, पण लढते ती स्वतः. या खेळाला जगभर दाद मिळाली आणि कोणाचे काही हिरावले गेले नाही.

आपल्या परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मग खंडन करायचे, असा दंडक आहे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादात निर्णयाचे आसन उभयभारतीला, म्हणजे प्रत्यक्ष मंडनमिश्रांच्या पत्नीला दिले होते, असे परंपरा सांगते. तिने पतीचा पराभव मान्य केला. आसनावर स्त्री बसली, म्हणून त्या सभेत कोणाचे पौरुष उणावले नाही.

ही कसोटी केवळ खेळणाऱ्या मुलांची नाही. जेथे जेथे माणसे एखाद्या निष्ठेभोवती एकत्र येतात, तेथे तेथे ती लागू पडते. टीका ऐकून घेतल्याने निष्ठा दुबळी होत नाही. आज रात्री मुलाच्या कानावरचा हेडफोन उतरला की त्याला रागावू नये. बहिणीचा प्रश्न त्याने तिच्याच शब्दांत एकदा पुन्हा सांगावा, एवढेच त्याला म्हणावे. पूर्वपक्षाचा तो पहिला पाठ ठरेल.