दोन गावांच्या मधली जागा

आज आम्ही तुमच्याशी एका जागेविषयी बोलणार आहोत. ही जागा गावात नाही आणि गावाबाहेरही नाही. ती दोन गावांच्या मधे आहे.

मधे ओहळ असतो. मधे कच्चा रस्ता असतो. मधे जंगल असते, मसणवट असते. ती जागा कोणाची, असे विचारून पाहा. या गावचा माणूस त्या गावाकडे बोट दाखवतो. त्या गावचा माणूस या गावाकडे बोट दाखवतो. आणि रस्त्यावरचा खड्डा तसाच राहतो.

ग्रामपंचायतीची हद्द ही कागदावरची रेघ आहे. आपण आता वाचायला शिकलो, तेव्हा ती रेघ आपल्याला दिसते. ओहळाला वाचता येत नाही. तो एका पंचायतीत उगम पावतो, दुसरीतून वाहतो, तिसरीत नदीला मिळतो. वणव्यालाही वाचता येत नाही. फाल्गुन-चैत्रात एका डोंगरावर कोणी विडीचे थोटूक टाकले, तर शेजारच्या गावचे गवत जळते.

आधी पाण्याचेच बोलू. कारण आपल्याकडे खरे दुखणे पाण्याचे आहे.

तलासरी आणि डहाणू या तालुक्यांत पाऊस काही कमी पडत नाही. आषाढ-श्रावणात घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पण होळी झाली की बायांच्या डोक्यावर हंडे चढतात. पाऊस पडला, तो उतारावरून धावत गेला. आपली वरोळी नदी तालुक्यातून निघून गुजरातेत उमरगावकडे जाते आणि समुद्राला मिळते. आपल्या डोंगरावरचे पाणी चार महिन्यांत तिकडे जाते, आणि आपण आठ महिने आभाळाकडे पाहतो.

यावर एक साधा इलाज आहे. त्याला वनराई बंधारा म्हणतात. सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या. त्यांत माती, वाळू भरायची. काठोकाठ नाही, थोडी जागा ठेवायची, म्हणजे गोणी नीट बसते. तोंड शिवायचे. मग ओहळ जिथे अरुंद आहे आणि दोन्ही काठ घट्ट आहेत, तिथे विटांसारख्या थरावर थर रचायच्या. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. फटींत चिखल लिंपायचा. जास्तीचे पाणी जायला वर मधोमध वाट ठेवायची. झाला बंधारा. पाणी अडते, जमिनीत मुरते, जवळच्या विहिरींना लागते. पुढच्या पावसात तो वाहून जातो, म्हणून दर वर्षी बांधावा लागतो. हे काम पाऊस सरताच करायचे, धार बारीक झाली की लगेच. दिवाळीनंतर आपली निम्मी माणसे वीटभट्टीवर, बांधकामावर, वापी-उमरगावच्या कारखान्यांत निघून जातात. मग गोण्या कोण उचलणार?

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भांडण पुढे सुरू होते.

असे समजा की वरच्या गावाने बंधारा बांधला. खालच्या गावची माणसे म्हणतात, “आमचे पाणी अडवले.” रात्री कोणी तरी येऊन चार गोण्या ओढून काढतो. सकाळी बंधारा फुटलेला. वरचे गाव म्हणते, “आता आम्ही त्यांना आमच्या विहिरीवर येऊ देणार नाही.” दोन्ही गावांत लेकी दिल्या-घेतल्या आहेत. तरीही बोलणे बंद.

दोघेही आपल्या जागी अगदी खोटे नाहीत. बंधारा भरेपर्यंत खाली धार कमी होते, हे खरे आहे. पण तो भरला की पाणी वरून पुन्हा वाहू लागते, आणि मुरलेले पाणी जमिनीखालून खालच्या गावाकडेही झिरपते. हे वरच्या गावाने आधी जाऊन सांगितले असते तर? आणि खालच्या गावाने आपल्या हद्दीत दुसरा बंधारा बांधला असता तर? एका ओहळावर वरून खालपर्यंत तीन-चार बंधारे झाले, तर एकाचे पाणी दुसऱ्याला आधार होते. पण त्यासाठी दोन पंचायतींनी एका दिवशी बसून जागा ठरवायला हव्यात. गोण्या आणि माणसे यांची वाटणी करायला हवी. रात्री गोणी ओढणारा माणूस दुष्ट असतो असे आम्हाला वाटत नाही. त्याला कोणी विचारलेले नसते, एवढेच.

रस्त्याची गोष्ट पाण्यासारखीच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दोन गावांना जोडणारा रस्ता एका गावाने आपल्या हद्दीपर्यंत केला आणि दुसऱ्याने केला नाही, तर तो रस्ता नव्हेच. बाळंतीण घेऊन जाणारी गाडी हद्दीवरच्या चिखलात रुतते. गाडीच्या चाकाला कोणत्या पंचायतीचा चिखल आहे, ते कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावे कधी एकत्र येतात का? ही बोलायची गोष्ट आहे.

मंडळी, आपल्याच तालुक्यात झरी हे गाव आहे. २३ मे १९४५ रोजी तिथे सभा झाली. तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेचे काम इथे सुरू केले होते. हजारो वारली त्या सभेला आले. गावोगावचे आले, पाड्यापाड्यांतून चालत आले. तिथे ठरले की यापुढे वेठ करायची नाही. वेठ म्हणजे काय, ते तुमच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे. लग्नासाठी कर्ज काढले तर नवरा-बायकोने त्याच्याच दारी गुलामासारखे राहायचे. त्याला लग्नगडी म्हणत.

आता विचार करा. हे एकट्या झरीने ठरवले असते तर काय झाले असते? जमीनदाराने शेजारच्या गावातून माणसे आणली असती. झरीच्या माणसाला उपाशी ठेवून त्याने दुसऱ्या गावच्या माणसाकडून आवणी करून घेतली असती. वारल्यांची गरिबी गावागावांत सारखी होती, म्हणून एका गावाला दुसऱ्या गावाविरुद्ध वापरणे सोपे होते. सगळी गावे एकदम नाही म्हणाली, तेव्हा जमीनदाराला आणायला माणूस उरला नाही. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा दर वाढवून मागितला, तोही असाच सगळ्यांनी मिळून. सोपे गेले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा इथे गोळीबार झाला, माणसे मेली. पण वेठ गेली ती गेली.

तेव्हा ग्रामपंचायतींचा आजचा कायदा नव्हता. ठराव नव्हते, निधी नव्हता. बहुतेकांना सहीसुद्धा येत नव्हती.

अशीच गोष्ट अलीकडे दुसरीकडे घडली. गडचिरोली जिल्ह्यात कोरची नावाचा तालुका आहे. तिथेही जंगल आहे, आदिवासी आहेत. तिकडे उन्हाळ्यात तेंदूची पाने गोळा करतात, त्यांच्या विड्या होतात. २००६ चा वनहक्क कायदा आणि १९९६ चा पेसा कायदा यांच्यामुळे तेंदूपान विकायचा हक्क ग्रामसभेकडे आला. ठेकेदार गावात येई आणि म्हणे, “शेजारच्या गावाने एवढ्यालाच दिले.” शेजारच्या गावात जाई आणि तेच सांगे. मग २०१७ च्या सुमारास तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून एक महाग्रामसभा उभी केली. प्रत्येक ग्रामसभेतून दोन पुरुष आणि दोन बाया पाठवायच्या, असे त्यांनी ठरवले. आता सगळे एका ठिकाणी बसले, तर ठेकेदाराची थाप चालेल कशी? झरीत जमीनदाराची युक्ती चालली नाही, तशीच. ऐंशी वर्षांत युक्ती काही बदललेली नाही, असे आम्हाला दिसते.

आपल्याकडे तर दोन राज्यांचीही रेघ आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. उंबरगाव तिकडे गेले, तलासरीकडची गावे इकडे राहिली. लेक तिकडे, माहेर इकडे. भाषा मिसळलेली, देव तेच, तारपा तोच. पण पंचायती दोन राज्यांच्या. अशा ठिकाणी दिवाबत्ती कोणी करायची, हद्दीचा दगड कुठे, यावर कुरकुर होते. हद्द मोजण्याचे काम सरकारचे आहे, ते सरकारनेच करावे. पण दोन्हीकडच्या सरपंचांनी महिन्यातून एकदा चहा प्यायला बसू नये, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

एकत्र न बसल्याने काय होते, ते भूकंपाने दाखवले.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत धक्के बसू लागले. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी हा भाग डहाणूचा, पण जमीन हलली ती तलासरीतही. धक्के लहान होते, पण पुन्हा पुन्हा येत होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात कितीतरी धक्के बसले. एक लहानगी घाबरून पळताना पडली आणि दगावली. माणसे थंडीत बाहेर झोपली. सरकारने तंबू दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने यंत्रे बसवली.

त्या रात्री माणसाला काय हवे होते? ताडपत्री हवी होती. म्हाताऱ्यांना उचलायला हात हवे होते. कोणाची भिंत तडकली आहे, ते कोणी तरी पाहायला हवे होते. आणि सगळ्यांत जास्त हवी होती खरी बातमी. “आज रात्री बारा वाजता मोठा भूकंप येणार” अशी अफवा फोनवर फिरली, की सगळा पाडा जागा. भूकंप अमुक वेळेला येणार, असे जगात कोणालाही आधी सांगता येत नाही. हे एवढे एक वाक्य शेजारच्या दहा पंचायतींनी एकाच वेळी दवंडी देऊन सांगितले, तर लेकरे निजतील. एका पंचायतीने सांगितले आणि दुसरीने नाही, तर अफवा दुसरीकडून परत येते.

घराचेही तसेच आहे. आपले जुने कुडाचे घर हलके असते. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती. ते हलते, पण माणसाला चिरडत नाही. कच्च्या मातीत रचलेली जड विटांची भिंत मात्र अंगावर येते. कुड बांधणारे कारागीर एका गावात आहेत, चांगला गवंडी दुसऱ्या गावात आहे. कोणाच्या घराला टेकू हवा, कोणाचे छप्पर हलके करायला हवे, याची यादी चार गावांनी मिळून केली, तर गवंड्याला एका फेरीत चार गावे पाहता येतात. धक्के थांबले तरी यादी फाडू नका.

आता कायद्याचे बोलतो. अनेकांना वाटते की आपली पंचायत आपल्या हद्दीबाहेर काही करूच शकत नाही. हे खरे नाही. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा आहे. दोन किंवा जास्त पंचायतींचे समान काम असेल, तर त्यांनी आपापल्या सभासदांतून एक संयुक्त समिती नेमावी, अशी सोय त्या कायद्यात आहे. तुमच्या ग्रामसेवकांना, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना हे कलम काढून वाचून दाखवायला सांगा. त्यांनी वाचले नाही तर पुस्तक मागून घ्या. आता तुम्हालाही वाचता येते.

पैशाचेही पाहा. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी उपयोजनेतल्या पैशातून पाच टक्के रक्कम पेसा गावांच्या पंचायतींना थेट देण्याचे सरकारने २०१५ मध्ये ठरवले. तिचे काय करायचे, ते ग्रामसभा ठरवते. दोन ग्रामसभांनी एकच काम ठरवले, तर त्या कामाला दोन्हीकडचा हात लागतो.

एक गोष्ट मात्र जपा. एकत्र कामात भांडण पाण्यावरून होत नाही, हिशेबावरून होते. “त्यांनी किती गोण्या आणल्या?” इथून सुरुवात होते. म्हणून वही एक ठेवावी आणि ती दोन्ही गावांत वाचावी. मोठी गावे लहान पाड्यांना दाबतात, हेही आम्ही पाहिले आहे. समितीत लहान पाड्याचा माणूस नसेल, तर ती समिती मोठ्या गावाचीच समजा. आणि पाणी बायाच वाहतात. बंधाऱ्याची जागा दाखवायची असेल, तर हंडा घेऊन त्या वाटेने जाणाऱ्या बाईला आधी विचारा. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, ते तिला पाठ असते.

ठराव कसा लिहायचा, असे सभेत पुष्कळांनी विचारले. म्हणून एक नमुना देतो. मोकळ्या जागी आपापल्या गावांची नावे घाला.

“……… ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेने असे ठरवले की, आपले गाव आणि ……… गाव यांच्या मधल्या ओहळावर या वर्षी बंधारे बांधावेत. त्यासाठी ……… ग्रामपंचायतीबरोबर संयुक्त समिती नेमावी. समितीत आपल्या पंचायतीचे चार सभासद राहतील. त्यांत निदान दोन बाया असतील. बंधाऱ्यांच्या जागा दोन्ही गावांनी मिळून पाहाव्या. आपल्या गावाने ……… गोण्या आणि ……… दिवस श्रमदान द्यावे. बंधारे भरेपर्यंत खालच्या गावाला पिण्याच्या पाण्याची अडचण आली, तर वरच्या गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू द्यावे. हिशेब दर महिन्याला दोन्ही गावांत वाचून दाखवावा.”

खाली सुचवणाऱ्याचे नाव, दुजोरा देणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहा. ज्यांना सही येते त्यांनी अंगठा उठवू नये. ठरावाच्या दोन प्रती काढा. एक आपल्या दप्तरात ठेवा. दुसरी दोघा-तिघांनी स्वतः शेजारच्या पंचायतीत नेऊन द्यावी आणि पोचल्याची सही आणावी. त्यांनीही असाच ठराव करावा, असे सांगून यावे. हे सगळे भातकापणीच्या आत व्हायला हवे, कारण कापणी झाली की माणसे गाडीत बसू लागतात.