आंदणांतलें बेट आणि बिशपांचा वाद



सात रस्त्याच्या चौकांत परगांवचा मनुष्य उभा राहिला कीं, कोणत्या वाटेनें जावें याचा त्यास क्षणभर उलगडा होत नाहीं. आपल्या सोलापुरांतील ख्रिस्ती बांधवांस, 'तुमचा पाद्री नेमतो कोण?' असें विचारलें, तर तेथेंही वाटा निरनिराळ्याच दिसतील. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेंत मंडळी आपला पाळक आपण निवडते. रोमन कॅथॉलिकांचा कारभार पुण्याच्या बिशपांकडे असतो. येथें त्यावरून कोणी हातघाईवर येत नाहीं. मुंबईंत मात्र याच प्रश्नानें दोन शतकांहून अधिक काळ माणसें झुंजविलीं, आणि त्याचें मूळ एका राजविवाहांत होतें.

१६६१ च्या तहानें पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देऊं केली व मुंबई बेट आंदण ठरलें. वधू कॅथॉलिक, वर प्रॉटेस्टंट. म्हणून १६६२ सालीं विवाहविधि दोनदां झाला: आधीं खाजगी रीतीनें तिच्या धर्माप्रमाणें, मग उघडपणें इंग्लिश चर्चप्रमाणें. या राणीस राज्याभिषेक कधींच झाला नाहीं. आपल्या नांवानें दिलेलें बेटही बिचारीनें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं! १६६५ त तें इंग्रजांच्या ताब्यांत आलें, आणि १६६८ त चार्ल्सनें तें वर्षाला दहा पौंडांच्या खंडानें कंपनीच्या पदरांत टाकलें.

बेटावरील कॅथॉलिकांस धर्माचरणाची मोकळीक राहील, असें तहांत कलम होतें. पण त्यांच्या पाद्र्यांवर हुकमत कोणाची, याचा निकाल त्यानें लागला नाहीं. पोपांच्या जुन्या सनदांवरून पोर्तुगालचा राजा हा अधिकार आपला मानी; यालाच पाद्रोआदो म्हणत. रोमनें १६२२ त प्रोपागांदा नांवाचें स्वतःचें खातें काढलें होतें. कंपनीस गोव्याच्या आर्चबिशपांचा अंमल, म्हणजे परक्या राजाचा हात, आपल्या घरांत नको होता. १७२० सालीं तिनें फ्रान्सिस्कन पाद्र्यांस घालवून रोमच्या बाजूचे कार्मेलाइट आणले. कॅथॉलिकांचा धर्माधिकारी प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांनीं ठरवावा, ही मोठी मौजच म्हणावयाची. माहीमच्या खाडीपलीकडे वसई-साष्टी १७३९ त मराठ्यांनीं जिंकली, तरी तिकडील चर्चें गोव्याच्याच अधिकाराखालीं राहिलीं.

पुढें कंपनीचेंच मन डळमळूं लागलें. १७८९ त अधिकार गोव्याकडे, १७९१ त पुनः रोमच्या बाजूस! अखेर १७९४ त चार चर्चें दोन-दोन अशीं वांटून दिलीं. वडिलोपार्जित घराची वांटणी व्हावी तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें भिंत उपासकांच्या मधोमध उभी राहिली. एका बेटावर दोन अधिकारी, आणि बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती यांसाठीं कोणाच्या दारीं जावें हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढें.

१८५३ त माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्यें या वादानें कळस गांठला. उपासकांना गोव्याकडे जावयाचें होतें. रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन चर्च अडवून आंत बसले, आणि बाहेर त्यांच्याच माणसांचा वेढा पडला! सरकार मध्यें पडलें व चर्च गोव्याच्या पक्षाकडे गेलें. बिशप धर्माज्ञेच्या दृष्टीनें बरोबर असतीलही. पण आपल्याच कळपाला दार लावून घेणारा मेंढपाळ पाहून त्या लोकांस काय वाटलें असेल?

१८८६ च्या करारानें सीमा आंखल्या, तरी दुहेरी कारभार संपला नाहीं. १९२८ त एक अजब तोड निघाली: मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज, एकदां ब्रिटिश असावेत. मुंबईकरांची पाळी त्यांत नव्हतीच. १९५० च्या करारानें पोर्तुगालनें तो हक्क सोडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. त्यांचा जन्म कराचीचा आणि घराणें गोव्याचें होतें.