विडी सुटली, भीती सुटेना
(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



विडी वाईट आहे, एवढेच सांगायला मी आज उभा नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. विड्यांच्या बंडलावर ते चित्रासह छापलेलेच असते. अक्षर येत नव्हते तेव्हाही ते चित्र तुम्हाला कळत होते. आता तर तुम्ही खालची अक्षरेही वाचता.

आज बोलायचे आहे ते विडी सोडलेल्यांशी. आणि सोडीन सोडीन म्हणणाऱ्यांशी.

विडी सोडलेला माणूस खुशीत असेल असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तसे नसते. पंचवीस वर्षे विडी ओढलेला एखादा गडी एके दिवशी मनाचा हिय्या करतो. हातातले थोटूक पायाखाली चिरडतो. पंधरा दिवस निभावून नेतो. मग रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या मनात येते, "विडी सोडली खरी. पण पंचवीस वर्षांचा धूर आत बसलाय, त्याचं काय? जे व्हायचं ते होऊनच गेलं असेल."

मग जरा खोकला आला की छातीत धस्स होते. बरगडीत चमक भरली की वाटते, आला तोच रोग. दवाखान्यात जावे, तर डॉक्टर काय सांगेल याची धास्ती. बायकोला सांगावे, तर लाज. अन् एक दिवस तो म्हणतो, "मरायचंच आहे, तर तलफ मारून कशाला मरू?" आणि पुन्हा काडी ओढतो.

पाहा मंडळी, या गड्याला विडीने हरवले नाही. त्याला भीतीने हरवले. म्हणून आज त्या भीतीकडेच नीट पाहू या. तिच्यात खरे किती आणि खोटे किती?

धूर आत काय करतो

आधी खरे काय ते सांगतो. लपवून फायदा नाही.

आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. वाऱ्यावर गव्हाचे रान हलावे तशी ती सारखी हलत असते. आत गेलेली धूळ आणि कफ ती वर ढकलते. ही आपल्या छातीतली केरसुणीच म्हणा ना. धुराने ही केरसुणी लुळी पडते, झडते. मग केर साचतो. विडी ओढणारा माणूस सकाळी उठून खोकून खोकून बेजार होतो, ते यामुळे.

श्वासनळीच्या टोकाला फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. तिथून प्राणवायू रक्तात जातो. वर्षानुवर्षांच्या धुराने हे फुगे फाटतात. मग चढ चढताना दम लागतो.

धुरात एक विषारी वायू असतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्या वायूने दगावतात, तोच हा. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. धुराने रक्ताच्या नळ्या आतून खराब होतात, अरुंद होतात. त्यातून हृदयाचा झटका येतो, लकवा येतो. आणि तोंडाचा, घशाचा, फुप्फुसाचा कॅन्सर, म्हणजे कर्करोग, हाही या धुरातूनच होतो.

कोणी म्हणतात, "विडी लहान, तिच्यात तंबाखू चिमूटभर. सिगारेटपेक्षा बरी." हे खरे नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने झुरका घ्यावा लागतो. त्यामुळे चिमूटभर तंबाखूतूनही पुष्कळ विष आत जाते.

२००८ साली आपल्याच देशातील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ती अकरा लाख घरांची होती. तीत असे दिसले की, विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी कमी होते. विडी ओढणाऱ्या बाईचे ८ वर्षांनी.

तेव्हा भीतीला आधार नाही असे मी म्हणणार नाही. आधार आहे. पण ही झाली अर्धी गोष्ट. आता उरलेली अर्धी ऐका.

सोडल्यावर काय होते

विडी टाकली की शरीर वाट पाहत बसत नाही. ते लगेच डागडुजीला लागते.

वीस मिनिटांत हृदयाचे ठोके संथ होऊ लागतात. एक-दोन दिवसांत तो विषारी वायू रक्तातून निघून जातो. दोन-तीन महिन्यांत रक्त नीट फिरू लागते आणि श्वासाला जोर येतो. वर्षाच्या आत खोकला आणि दम कमी होतात.

एक वर्ष झाले की हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. दहा वर्षे झाली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या मानाने, सुमारे निम्मा होतो. पंधरा वर्षांनी हृदयविकाराचा धोका कधीच न ओढलेल्या माणसाच्या जवळपास येतो.

यावर एखादे बुवा म्हणतील, "अहो, माझी साठी आली. आता सोडून काय मिळणार?"

बुवा, त्याचाही हिशेब झालेला आहे. १९५१ साली विलायतेत डॉल आणि हिल नावाच्या दोन संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांचीच नोंद ठेवायला सुरुवात केली. कोण सिगारेट ओढतो, कोण ओढत नाही, कोणी कधी सोडली, कोण कशाने गेला, हे सारे लिहून ठेवले. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टर त्यात होते. पन्नास वर्षांचा निकाल २००४ साली छापला गेला. तो असा:

तिसाव्या वर्षी सोडली, तर सुमारे १० वर्षे आयुष्य वाचते.
चाळिसाव्या वर्षी सोडली, तर सुमारे ९ वर्षे.
पन्नासाव्या वर्षी सोडली, तर सुमारे ६ वर्षे.
आणि साठाव्या वर्षी सोडली, तरी सुमारे ३ वर्षे.

तीन वर्षे म्हणजे थोडी नव्हेत, बुवा. तीन वर्षांत कडेवरचे नातवंड शाळेच्या वाटेला लागते.

जे गेले ते गेले का?

आता एक कडू गोष्ट. फुप्फुसातले जे फुगे फाटले, ते पुन्हा शिवले जात नाहीत. ते नुकसान कायमचे.

पण आपल्या उतारावरच्या रानाकडे पाहा. बांध फुटला, दोन पावसाळे माती वाहून गेली. ती माती ओढ्यातून नदीला गेली. ती परत येत नाही. म्हणून शहाणा शेतकरी कपाळाला हात लावून बसतो का? नाही. तो पुढच्या पावसाच्या आत बांध घालतो. कारण उरलेली माती त्याची आहे. त्या मातीवरच त्याला पीक काढायचे आहे.

विडी सोडणे म्हणजे बांध घालणे. गेलेली माती येणार नाही. उरलेली जाणार नाही. वय होते तशी प्रत्येकाचीच ताकद थोडी थोडी कमी होत जाते, तेवढीच तुमची होईल. पण धुराची धूप थांबेल.

सोडल्यावर खोकला वाढला तर

पुष्कळजण इथे फसतात. विडी सोडली आणि चार दिवसांनी खोकला वाढला. काळपट कफ पडू लागला. मग शेजारी सांगतो, "तुला विडी सोडणं मानवलं नाही. एखादी ओढ."

त्याचे ऐकू नका. छातीतली केरसुणी पुन्हा उभी राहिली आहे. ती साचलेला केर बाहेर काढते आहे. पुष्कळ दिवस बंद असलेली खोली झाडली की धुरळा उडणारच. हा खोकला काही आठवड्यांत उतरतो.

दुसरी तक्रार शौचाची. "विडीशिवाय पोट साफ होत नाही," असे सांगणारे गावोगाव आहेत. तंबाखूतले निकोटीन आतड्याला चाबूक मारते. चाबकाची सवय झालेला बैल चाबूक थांबल्यावर काही दिवस अडतो, मग चालू लागतो. सकाळी उठून दोन तांबे कोमट पाणी प्या. जेवणात पालेभाजी, काकडी, मुळा घ्या. दोन-तीन आठवड्यांत पोट ठिकाणावर येते.

चिडचिड होईल. झोप उडेल. भूक वाढेल. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. पुढे महिन्याभरात जोर ओसरतो. तलफ येते ती मोटेच्या पाण्यासारखी लोंढ्याने येते, पण थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप चावा, बैलांना वैरण टाका, पाराला एक फेरी मारा.

मात्र एक करू नका. विडीच्या जागी तंबाखू-चुना मळू नका. मिश्री लावू नका. सुपारी आणि गुटखा तर नकोच. खोकडाला हाकलले आणि लांडग्याला घरात घेतले, असे होईल. तोंडाचा कर्करोग याच वाटेने येतो.

भीतीला कामाला लावा

आता भीतीचे काय करायचे? ती एका दिवसात जाणार नाही. मग तिला कामाला लावा.

भीती ही राखणीच्या कुत्र्यासारखी आहे. चोर आला तर तिने भुंकावे. पान हलले म्हणून रात्रभर भुंकली, तर घरधन्याची झोप मोडते. तेव्हा तिला चोर कोण ते शिकवा. ते असे:

१. खोकला दोन आठवडे थांबला नाही, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तो विडी सोडल्यामुळे आला असेल. पण क्षयही असू शकतो. विडी ओढणाऱ्याला क्षयाचा धोका जास्त असतो. ही तपासणी आणि औषध फुकट मिळते. क्षय बरा होतो.

२. थुंकीतून रक्त पडले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी जा.

३. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, घास गिळताना अडकू लागला, किंवा कारण नसता वजन उतरू लागले, तर जा.

४. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड पाहा. जीभ उचलून पाहा. गाल ओढून पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड, यांतले काही दिसले तर डॉक्टरला दाखवा. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची आशा मोठी असते.

५. चालताना पोटरीत कळ येते आणि थांबले की जाते, तर ते पायाच्या रक्ताच्या नळीचे दुखणे असू शकते. दाखवून घ्या.

६. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटले, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर त्याच घटकेला गाडी काढा. अपचन म्हणून सोडा पीत बसू नका.

डॉक्टरला खरे सांगा. किती वर्षे, रोज किती विड्या, केव्हा सोडली. तो काही तुमचा खटला चालवायला बसलेला नाही. या सहांपैकी काही नसेल, तर कुत्र्याला गप्प बसवा आणि झोपा.

घरच्यांना दोन शब्द

आयाबहिणींनो, विडी सोडलेल्या माणसाला टोमणे मारू नका. "आठ दिवस थांबा, पुन्हा ओढतीलच," असे बोलू नका. तो आतून झगडतो आहे. त्याने चिडून भांडे आपटले तर आठ-पंधरा दिवस सोसा. घरात विडी पेटली की अंगणातल्या पोरांच्या छातीतही धूर जातो. तेव्हा ही लढाई त्याच्या एकट्याची नाही.

आणि पोरांनो, आपल्या बापाने एखादे दिवशी पुन्हा विडी ओढली, तर सगळे बुडाले असे समजू नका. सायकल शिकताना माणूस पडतो. पडला म्हणून कोणी सायकल विहिरीत टाकत नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागा.

हिशेबही शिका. रोज वीस रुपये विडीकाडीत जात असतील, तर वर्षाचे ७३०० रुपये होतात. आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आपण आता लिहू शकतो.

एकट्याने जमत नसेल तर मदत मागा. आशाताईंना विचारा. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे. त्याचा नंबर १८००-११-२३५६. त्याला पैसे पडत नाहीत. तो विड्यांच्या बंडलावरच छापलेला असतो. बंडल टाकण्याआधी तेवढा नंबर उतरवून घ्या.

मंडळी, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," अशी आपल्यात म्हण आहे. म्हण जुनी आहे. पण तुमच्यातले कितीतरी जण पन्नाशीत अक्षर शिकले. वयाने हात अडला नाही. मग ही एकच खोड का जाणार नाही?

किती वर्षे ओढली ते मोजत बसू नका. ती वर्षे हातची गेली. आजपासून न ओढलेले दिवस मोजा. त्यातला प्रत्येक दिवस तुमच्या बाजूचा आहे.

रामराम.